आमच्याकडची बदकं

"थांबा, थांबा. आधी हिवाळा लावतो."

असं म्हणून ते एसीचा रिमोट उचलायचे, हात लांब करायचे, एक डोळा मिटून नेम धरायचे आणि बटण दाबायचे. आकडा सोळावर येईपर्यंत दाबतच राहायचे. मग सोफ्याच्या पाठीवर तयार ठेवलेला बिनबाह्यांचा स्वेटर अंगात, मफलर गळ्यात. आम्ही पाहुणे बिचारे सुती कपड्यांत आलेले. बाहेर डिसेंबरातलं सिंगापूर घामाने चिकचिकतंय आणि ईस्ट कोस्टच्या कॉन्डोतल्या त्या हॉलमध्ये आम्ही काकडतोय, हात काखेत घालून. वर ऐकून घ्यायचं, "बदक हे उकाड्यात खायचं जनावर नव्हे, वहिनी."

अहो, मग खाऊ नका ना! पण हे बोलायची सोय नव्हती, कारण भाजक्या वाटणाचा वास तोवर स्वयंपाकघरातून सुटलेला असायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी टोळक्यात एक असतोच. कुणाच्या वाड्यात हत्ती झुलत होता, कुणाचे आजोबा संस्थानिकांचे खाजगी कारभारी होते. विमानतळ ओलांडला की पूर्वज मोठे होतात. आमच्यातल्या या गृहस्थांचे पूर्वज शिकारी होते. तोंडावर आम्ही त्यांना भावजी म्हणायचो, पाठीमागे शिकारी. एका जहाज कंपनीत हिशेबखात्याचे मॅनेजर, माझ्या नवऱ्याचे ऑफिसातले स्नेही, टक्कल, चष्मा, पोट. लिफ्टमध्ये कुणाचा कुत्रा आला तर हे कोपऱ्यात चिकटून उभे राहायचे. आणि म्हणे शिकारी!

नाव सांगत नाही. निम्म्या लोकांना ओळखू येईलच आणि उरलेल्यांना ते निम्मे सांगतील.

"आमच्याकडे," ते सुरू करायचे, "रेवदंड्याच्या बाजूला खाडीत थंडीच्या दिवसांत बदकं उतरायची. उत्तरेकडून. तलवार बदक म्हणजे शेपूट अशी टोकदार. थापट्या म्हणजे चोच अशी फावड्यासारखी. पहाटेच्या अंधारात होडी लावून बसायचं. हूं नाही की चूं नाही. विडी ओढायची नाही, खोकायचं नाही. उजाडलं की डोक्यावरून पंखांचा आवाज यायचा, आणि मग धाड! धाड! दुनळीचे दोन बार. आणि बदक पडलं."

इथे ते थांबायचे. आम्ही तोंडाचा चंबू करून "हो?" म्हणायचं असायचं. माझा नवरा इमानेइतबारे म्हणायचा. माझी लेक सिंगापुरातच शिकलेली, ती माझ्या कानात म्हणायची, "अंकल सो ड्रामा, लाह."

मी बँकेत ऑडिटर. आयुष्यभर काम एकच, कुणी काय केलं ते शोधून काढायचं. 'रक्कम वळती झाली' असं कुणी लिहिलं की मी विचारणार, कुणी वळती केली? ती सवय घरी येताना उतरवून ठेवता येत नाही. दोनतीन हिवाळे त्यांच्या हॉलमध्ये काढल्यावर माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या गोष्टीत बदक नेहमी 'पडलं'. 'मी पाडलं' नाही, 'मी मारलं' नाही. खाडी कोकणातली, बार दुनळीचे, बदक पडलेलं, आणि बंदूक कुणाच्या हातात? ते वाक्यात कधी यायचंच नाही. बदक आपलं आपण, राजीखुशीने पडायचं.

दुसरी गंमत म्हणजे यांचं आडनाव. खास पुण्याचं, पेठेतलं, वरणभाताचं. त्या आडनावाच्या घरात अंडं आणलं तर आजी आंघोळ करायला लावेल. यांच्याकडे खाडी आणि दुनळी आली कुठून? एकदा मी सरळ विचारलं. म्हटलं, "भावजी, तुमचं मूळ गाव रेवदंडा का?"

"आमच्याकडे म्हणजे... हो, तिकडेच," म्हणाले आणि भाकरी वाढायला उठले.

त्यांची बायको नीला. आमच्यापेक्षा थोडी मोठी, कमी बोलणारी, डोळे मात्र सगळं टिपणारे. नवऱ्याची गोष्ट सुरू झाली की ही उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, तीस वर्षं तेच ऐकून कंटाळली असेल. मी असते तर रिमोट फेकून मारला असता.

एका शनिवारी बदक आणायला मी त्यांच्याबरोबर मार्केटात गेले. विकणाऱ्या बाईने तीन पांढरी, गुबगुबीत, सोललेली बदकं ओळीने मांडली होती. यांनी प्रत्येक बदक उचलून उलटंपालटं केलं, मान धरून डोळ्यांत बघितलं आणि मराठीत त्याचा पाणउतारा केला. "हे कधी उडालं का? हे बदक आहे का? ही उशी आहे. याने आयुष्यात पाणी पाहिलंय का, विचारा त्या बाईला."

"अंकल, यू वॉन्ट ऑर डोन्ट वॉन्ट?" बाई खेकसली.

मग गुपचूप सगळ्यात जाडी उशी घेतली.

पण एक सांगते, कारण खोटेपणा मला दुसऱ्याचाही चालत नाही आणि स्वतःचाही नाही. रांधायचे मात्र ते झकास. तिथे थापा नव्हत्या. बदक घरी आणल्यावर सिंकपाशी उभं राहून शेपटीजवळची तेलाची गाठ आधी कापून काढायची, नाहीतर सगळा रस्सा उग्र होतो. राहिलेली बारीक लव गॅसच्या ज्योतीवर जाळायची. हळद, मीठ, आलं-लसूण, कोकमाचं आगळ चोळून ठेवायचं. कांदा-खोबरं भाजताना कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. चरबी सुटून वर तवंग आला की तो पळीने काढून त्याच चरबीत मसाला परतायचे. पिसं काढलेल्या जागी बोट फिरवून एखादं खुंट राहिलं तर ते बरोबर सापडायचं त्यांना, न बघता. मी एकदा म्हटलं, "हे कुठे शिकलात? पुण्यात?" तर नुसते हसले. हिशेबखात्यातल्या माणसाचे हात असे चालत नाहीत, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. पण माणूस पुन्हा तोंड उघडून "आमच्याकडे" म्हणायचा आणि माझं डोकं फिरायचं.

मग त्या वर्षी बातमी आली की नीलाचे वडील येणार. पंच्याऐंशीच्या घरातले, एकटे, रेवदंड्याला राहणारे. महिनाभर लेकीकडे.

रेवदंड्याला! मी नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे खाडी हिची, दुनळी हिच्या बापाची. हे महाशय तीस वर्षं सासुरवाडीला 'आमच्याकडे' म्हणत होते. आपल्यात कुठला पुरुष बायकोच्या माहेराला 'आमच्याकडे' म्हणतो, सांगा बघू? नवरा पोट धरून हसला. टोळक्यात बातमी फिरली आणि जो तो म्हणू लागला, आता मजा येणार, खरा शिकारी येतोय.

भावजींचा मात्र चेहरा उतरला. डिसेंबर उजाडला तरी बदकाचं नाव नाही. कुणी विचारलं की कारणं सुरू. बाबांना तिखट चालत नाही, बाबांना गर्दी सोसत नाही, बाबांना एसी बाधतो. लिफ्टपाशी मला गाठून म्हणाले, "वहिनी, यंदा राहू दे ना. तुम्ही सांगा सगळ्यांना." मी सांगितलंही. पण माझा नवरा आणि त्याचे मित्र हात धुऊन मागे लागले होते. शेवटी म्हातारबुवाच म्हणाले, "जावई बदक करतात म्हणे? करू द्या की. बघू तरी." मग काय बोलणार?

म्हातारा उंच, ताठ, हातात काठी, आवाज खणखणीत. आल्या आल्या त्याने सिंगापूर निकालात काढलं. समुद्र म्हणजे डबकं, भात म्हणजे चिकट गोळा, माणसं म्हणजे मुंग्या. जावयाला हाक मारायची पद्धत "अहो जावईबापू", पण 'बापू'वर असा काही जोर की ऐकणाऱ्याला आपणच ओशाळं व्हावं. आणि आमचे भावजी! "बाबा, उशी देऊ का पाठीला? बाबा, पाणी कोमट हवं का?" बदकाचा बेत ठरला त्या रात्री रिमोटला हात लावला नाही त्यांनी. स्वेटर नाही, मफलर नाही, गोष्ट नाही. खाली मान घालून भाकऱ्या वाढत होते.

ताटं मांडली गेली. म्हाताऱ्याची कवळी, म्हणून भावजींनी त्याच्यासाठी मांस हाडावरून सोडवून वेगळ्या वाटीत आणलं होतं. तेवढ्यात टोळक्यातला एक शहाणा म्हणालाच, "आजोबा, आमच्या भावजींचा नेम कसा होता हो?"

"नेम?" म्हातारा म्हणाला. "कुणाचा, यांचा?"

आणि हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, भावजींनीच पाणी पुढे केलं, ते पिऊन पुन्हा हसला.

"अहो, यांनी बंदुकीला हात नाही लावला कधी! लग्नानंतरची पहिली संक्रांत. माझा कुत्रा आजारी पडलेला, मोती. आणि हे पुण्याहून आलेले, कडक इस्त्रीची पँट घालून. मी बदक पाडलं, ते पडलं पाण्यात. यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, आण! तर गेले की हो! सरळ चिखलात! कमरेपर्यंत! बदक मानेला धरून घेऊन आले, दात वाजतायत कडाकडा!" त्याने टेबलावर थाप मारली. "मोती मेला त्या वर्षी. पुढे चार हिवाळे मी दुसरा कुत्रा पाळलाच नाही. गरजच काय?"

सगळे हसले. माझा नवरा हसला, तो विचारणारा शहाणा तर डोळे पुसत होता. आणि भावजीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. "हो ना, हो ना," म्हणत.

मी हातातला घास ताटात ठेवला. अहो, पहिली संक्रांत म्हणजे जावयाची! आपल्याकडे त्या दिवशी जावयाला पाटावर बसवतात, अंगावर हलव्याचे दागिने घालतात, नारळ घालतात हातात. पेठेतल्या फाटक्यातल्या फाटक्या घरातही जावई त्या दिवशी राजा असतो. आणि या मेल्या म्हाताऱ्याने त्याला चिखलात पाठवलं आणि वर सांगतोय मिटक्या मारत, त्याचंच अन्न खात! इतकी वर्षं मी ज्याच्यावर दात खाल्ले तो निदान कुणाचं वाईट करून फुशारकी मारत नव्हता. आपण कोणावर हसत होतो आणि खरं कोणाची किळस यायला हवी होती!

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाकरीची थाळी हातात. ती थाळी तिने शांतपणे टेबलावर ठेवली.

"बाबा, तुम्ही पाडलेली बदकं निम्मीअधिक खाडीतच कुजायची," ती म्हणाली. "मोती म्हातारा होता, त्याला जमत नव्हतं. यांनी आणली तेवढीच आपल्या घरात शिजली. आईचे हात संधिवाताने वाकडे झाले होते, पिसंही हेच काढायचे, मागच्या पडवीत बसून. शिजवायला आईनेच शिकवलं यांना. तुम्ही फक्त पाडायचात आणि जेवायचात."

"अगं, गंमत केली मी," म्हातारा म्हणाला.

"मला नाही आली गंमत. ज्या घरात माझ्या नवऱ्याला कुत्रा म्हणतात ते माझं माहेर नाही. तुमचं परतीचं तिकीट आहे तोपर्यंत इथे राहा, सगळं करीन तुमचं. पण त्या घराची पायरी मी आता चढणार नाही."

आणि तुम्हाला सांगते, इतका वेळ हसत असलेल्या भावजींचा चेहरा तेव्हा पडला. कुत्रा म्हटलं तेव्हा नाही, बायकोने माहेर तोडलं तेव्हा. "नीला, नको. नीला, असं बोलू नकोस गं," म्हणत ते तिच्या मागे आत गेले. आम्ही चपला घालून निघालो. ज्या शहाण्याने प्रश्न विचारला होता तो लिफ्टमध्ये म्हणाला, "पण बदक मस्त झालं होतं, नाही?" मी त्याच्याकडे असं काही बघितलं की पुढचे मजले तो आकडे मोजत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्कात समुद्राकडच्या बाकावर भावजी एकटेच बसलेले दिसले. मला पाहून सरकले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल."

"काय समजवू? बरोबर बोलली ती. तुम्हाला कुत्रा म्हणाला तो माणूस, चारचौघांत!"

"म्हणू द्या हो. बाबा तसेच आहेत."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना. अजून येतो." ते पाण्याकडे बघत होते. लांबवर जहाजं नांगर टाकून उभी होती. "पण तुम्हाला एक माहीत नाही. आमचं लग्न बाबांना मान्य नव्हतं. आम्ही पळून जाऊन रजिस्टर केलं. वर्षभर नीलाला त्या घराचं दार बंद होतं. तिच्या आईने रडून रडून संक्रांतीला आम्हाला बोलवून घेतलं. तर बाबा दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताट माझ्यापुढे यायचं, हे उठून जायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे ते शिकारीला निघाले, मी आपला न विचारता मागोमाग गेलो. म्हटलं, बोलतील तरी. आणि मग ते बदक पडलं."

"आणि आण म्हणाले."

"माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो, वहिनी. सासऱ्यांचा जावयाशी. मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर नीला पुन्हा दाराबाहेर. पाणी असं गार होतं ना, पायात सुया घुसल्यासारखं. चिखलात बूट गेला एक, तो मिळालाच नाही. बदक घेऊन वर आलो, तर म्हणाले, घरी द्या नेऊन. त्या दिवशी नीलाच्या आईने मला आणि तिला दोघांना ओवाळलं. बाबा समोर बसून होते, उठून गेले नाहीत."

मी पर्समधली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

"तिथे मला कधी कोणी आपलं म्हटलं नाही," ते म्हणाले. "मग मीच म्हणत राहिलो. आमच्याकडे, आमच्याकडे. म्हटलं, बोलून बोलून खरं होईल. आणि तीस वर्षं जे सांभाळलं ते ही एका वाक्यात घालवून बसली! माझ्यासाठी! मी कुठे मागितलं होतं?" त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसला. चिडले होते, खरंच चिडले होते बायकोवर. मला हसू येत होतं आणि रडूही.

मी नीलाला समजवायला गेले नाही. समजवण्यासारखं काही नव्हतं.

म्हातारा तिकिटाच्या तारखेला गेला. नीलाने त्याची पथ्यं, औषधं सगळं सांभाळलं, विमानतळावर पायाही पडली, पण "येते हं" म्हणाली नाही. पुढच्या वर्षी जहाज कंपन्यांना वाईट दिवस आले, भावजींच्या ऑफिसातली बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यांनी निवृत्ती घेतली आणि दोघं पुण्याला गेले. आमच्या टोळक्यात आता डिसेंबरात कुणी बोलवत नाही. बोलवलंच तर बाहेरून मागवलेला पिझ्झा असतो आणि कुणाचे तरी हत्ती.

मध्यंतरी नीलाला फोन केला. "भावजी कुठेत?" विचारलं.

"रेवदंड्याला. बाबा पडले अंगणात, मांडीचं हाड मोडलं. महिना झाला, अंथरुणावरच आहेत. हेच करतात सगळं. आंघोळ, जेवण, भांडं देणं."

"आणि तू?"

"मी नाही गेले. मी सांगितलंय ना, चढणार नाही. यांनी डोकं खाल्लं माझं, पण नाही गेले." मग म्हणाली, "काल रात्री यांचा फोन होता. रडत होते. मी घाबरले, म्हटलं बाबा गेले की काय. तर म्हणाले, बाबांनी आज विचारलं, तुम्ही जेवलात का?"

"एवढंच?"

"एवढंच. आजवर कधी विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, "नीला, वेडा आहे गं तुझा नवरा."

"आहेच," ती म्हणाली.